पाव फेरा

भद्रकालीच्या भंगार बाजारात
तागडीच्या दांडीला बांधलेली पट्टी दिसली,
दीड बोट रुंद, काळी-पिवळी.
तागडी मला नको होती.
दुकानदार म्हणाला, सुटं देत नाही.
म्हणून घरात आता एका पारड्याची तागडी आहे.

एका बाजूनं काळ्यावर पिवळे शंकरपाळे,
उलटवली की पिवळ्यावर काळे.
टाका नाही, गाठ नाही, कड स्वच्छ.
मी तेवीस वर्षं अंबडला
व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणीला आहे.
न कळलेली वस्तू टेबलावर पडून राहिली
की मला जेवण गोड लागत नाही.

त्यात फ्रान्सिसकाकांच्या दुर्बिणीचा पट्टा तुटलेला.
शरणपुरातून पहाटे निघतात,
नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला,
दुर्बीण सुतळीनं गळ्यात, मानेवर वळ.
मी म्हटलं, महिनाभर थांबा, असाच विणून देते.
तेव्हा दिवाळी सरली होती नुकती.

पट्टी घेऊन येवल्याला गेले.
मुरलीधर दाणींनी चष्मा कपाळावर चढवला,
पट्टी बोटांत फिरवली, नखानं दाबली.
"ताणा आहे, बाणा आहे.
पण बाई, ही मागावरची नाही.
फणीतून गेलेलं सूत असं वागत नाही."
आणि परत मोराचा डोळा भरायला बसले.
एवढ्या हाताचा माणूस
'मला नाही माहीत' इतकं सहज म्हणाला
की परतीच्या एसटीत
मी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं.

शेवटी उसवली. चोरी केल्यासारखी,
रात्री, भिंगाखाली, टाचणीनं.
धागे एकावरून एकाखालून जातच नव्हते.
चार-चार मिळून पीळ घेत होते, सुंभासारखा,
आणि बाणा त्या पिळातून आरपार.
प्रत्येक शंकरपाळ्याच्या मधोमध मात्र
पीळ उलटा व्हायचा, एक धागा जरा लांब पडायचा.
वहीत लिहिलं: दोष. सोळा ठिकाणी.

चार धागे एकत्र फिरवायचे कशानं?
ह्यांच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये
इस्पिकची तिर्री कधीचीच हरवलेली.
सोळा पानं चौरस कापली,
चार कोपऱ्यांत चार भोकं, वर्निअर लावून.
बदामच्या राजाचा मुकुट कापला गेला, इलाज नव्हता.
चौसष्ट धागे, एक टोक खिडकीच्या गजाला,
दुसरं माझ्या कमरेला.
पानं पाव फेरा पुढं, बाणा टाक, पट्टीनं ठोक.
पुन्हा पाव फेरा.

आणि विणत गेलं!
पण शंकरपाळे नाहीत, नुसते बाण,
एकामागं एक, सगळे गजाकडं तोंड करून,
कुठंच न मिटणारे.
पलीकडं पानांच्या मागं पीळ साचत गेला,
इतका, की पानं हलेनात.
कमरेला बांधलेली मी, खिडकीला बांधलेले धागे,
कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या,
उठताही येईना.

पीळ सोडवायचा म्हणून, रागानं,
पानं उलटी फिरवली. पाव फेरा मागं. अजून एक.
बाणा सवयीनं टाकतच होते.
सहाव्या धाग्याला पाहिलं,
बाण वळून परत येत होते.
बाराव्याला शंकरपाळा मिटला.
मधोमध एक धागा, जरा लांब.

वहीतला 'दोष' खोडला नाही.
त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं,
तारीख घातली, सही केली.
वरण करपलं होतं.

फेब्रुवारीत चापडगावच्या मनोऱ्यावर
काकांनी पट्टा गळ्यात घातला.
एका जागी बाण सलग तीनदा पुढं गेलेत,
तेवढं सोडून ठीक आहे, मी सांगून टाकलं.
त्यांनी ऐकलंच नाही.
उलट सुलट करून म्हणाले, "आतली बाजू कुठली?"
मी म्हटलं, "मला नाही माहीत."

तोवर गवतातून काहीतरी हललं,
आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.